लेव्हल फाइव्ह कंपनी म्हणजे नेमकं काय?

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. विमानं जमिनीवरच राहिली, रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. कारण होतं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेलं एक छोटंसं अपडेट. चूक ऐकायला अगदी किरकोळ वाटते. त्या अपडेटला माहितीचे २१ रकाने हवे होते आणि संगणकावर आधीपासून असलेला प्रोग्रॅम २०च पुरवत होता. कंपनीनं नंतर काढलेल्या अहवालात मात्र या रकान्यांसोबत आणखी दोन गोष्टी आल्या. एक, एकविसावा रकाना चाचणीत कधी खऱ्या अर्थानं तपासलाच गेला नव्हता. दोन, आधी थोड्या संगणकांवर सोडून बघायचं आणि मग बाकीच्यांना द्यायचं, हे या प्रकारच्या अपडेटसाठी होत नव्हतं.

म्हणजे दोष कोडमध्ये होताच, पण तो पकडायची जी व्यवस्था असायला हवी तिच्यातही होता. अशा बातमीनंतर 'यांची प्रोसेस काय झोपली होती का?' असं लोक विचारतातच. आणि सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या मोठ्या संस्था तर हा प्रश्न आधीच विचारून ठेवतात. निविदेत एक ओळ असते: कंपनी सीएमएमआय लेव्हल ३ किंवा त्यावरची असावी. सीएमएमआय म्हणजे कंपनीची काम करायची रीत किती पक्की आहे, ते पाच पायऱ्यांत (लेव्हलमध्ये) मोजणारी चौकट. कंपन्यांच्या जाहिरातींतही 'लेव्हल ५' मिरवत असतं. हे लेव्हल कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, आणि त्यावर किती विसंबायचं, ते पाहू.

मोजायचं काय?

'प्रक्रिया' म्हणजे काम करायची ठरलेली रीत. गिऱ्हाइकाला काय हवंय ते कोण लिहून घेतं, बदल कोण मंजूर करतं, कोड दुसरं कोणी वाचतं का, टेस्टिंग कधी थांबवायचं, रिलीजच्या दिवशी कोणती बटणं कोणत्या क्रमानं दाबायची, हे सगळं त्यात आलं. लिहिलेली नसली तरी प्रत्येक टीमची काहीतरी रीत असतेच. 'जो आधी येईल तो बघेल' हीसुद्धा एक रीतच.

एखाद्या ड्रायव्हरच्या गाडीतून तुम्ही एकदा गेलात आणि सुखरूप पोचलात, तर तो चांगला ड्रायव्हर ठरतो का? नाही. बेफिकीर माणूसही बऱ्याचदा सुखरूप पोचतो आणि सावध माणसालाही कधीतरी अपघात होतो. रोज त्याच्याच गाडीतून जायचं असेल तर तुम्ही त्याच्या सवयी बघाल: निघण्यापूर्वी ब्रेक तपासतो का, वळताना आरशात बघतो का, झोप येत असेल तर थांबतो का. सॉफ्टवेअर प्रक्रियेच्या मूल्यमापनाच्या चौकटी सवयीच बघतात. हातात आलेलं सॉफ्टवेअर चांगलं आहे की वाईट, हे त्या सांगतच नाहीत. पुढचा निम्मा गोंधळ हे विसरल्यानं होतो.

ही पट्टी आली कुठून?

१९६८मध्ये जर्मनीतल्या गार्मिशला नाटोनं भरवलेल्या परिषदेत 'सॉफ्टवेअरचं संकट' हा शब्दप्रयोग गाजला. प्रकल्प उशिरा संपतात, खर्च हाताबाहेर जातो, आणि शेवटी हाती येतं ते धड चालत नाही, अशी ती तक्रार होती. तिचा सगळ्यात मोठा चटका अमेरिकेच्या संरक्षण खात्याला बसत होता, कारण सगळ्यात जास्त सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांपैकी ते एक होतं. खात्याच्या पैशातून १९८४मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली. हवाई दलाचा प्रश्न साधा होता: दहा कंत्राटदार 'आम्ही करू' म्हणतात, त्यातला कोण खरंच करू शकेल हे आधी कसं ओळखायचं?

ते काम वॉट्स हम्फ्री यांच्याकडे आलं. आयबीएममध्ये २७ वर्षं काढून ते १९८६मध्ये या संस्थेत आले होते. कारखान्यांतल्या गुणवत्तेसाठी फिलिप क्रॉस्बी यांनी आधीच पाच टप्प्यांचा एक तक्ता मांडला होता. त्या धर्तीवर हम्फ्री यांनी सॉफ्टवेअरसाठी पाच पायऱ्या आखल्या. १९८७मध्ये प्रश्नावली आली आणि १९९१मध्ये पूर्ण आराखडा. त्याचं नाव कॅपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल, म्हणजे सीएमएम. मग हार्डवेअर, खरेदी, सेवा अशा प्रत्येकासाठी वेगळी मॉडेलं निघाली आणि एकाच कंपनीला तीन-तीन तपासण्यांना तोंड द्यायची वेळ आली. २०००मध्ये ती एकत्र केली, तेव्हा मागे 'आय' लागला आणि सीएमएमआय झालं. २०१६पासून ते आयसॅका या संघटनेकडे आहे आणि २०२३मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली.

विकत घेणाऱ्याच्या अडचणीतून हे मॉडेल जन्मलं, हे ध्यानात असू द्या. बनवणाऱ्याला सुधारायला मदत करणं आणि घेणाऱ्याला चाळणी पुरवणं, अशी दोन कामं ते पहिल्या दिवसापासून करतंय. ही दोन्ही एकमेकांच्या पायात येतात.

पाच पायऱ्या

पहिल्या पायरीवर कोणीही असतं, तिथे काही सिद्ध करावं लागत नाही. काम होतं, कधीकधी उत्तमही होतं, पण ते दोन-तीन वाघांच्या जिवावर. त्यातला एक नोकरी सोडून गेला की पुढचा रिलीज रामभरोसे.

दुसऱ्या पायरीवर प्रत्येक प्रकल्प किमान स्वतःचं घर सांभाळतो. मागण्या लिहिलेल्या असतात आणि बदलल्या तर नोंद होते. वेळापत्रक असतं, आणि घसरलं तर ते दर आठवड्याला दिसतं, शेवटच्या आठवड्यात एकदम नाही. कोणत्या सर्व्हरवर कोडची कोणती आवृत्ती आहे, हे विचारल्यावर पाच मिनिटांत सांगता येतं. या शेवटच्या गोष्टीला कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट म्हणतात. ऐकायला रटाळ, पण माझ्या मते सगळ्या मॉडेलातली सगळ्यात कमाईची गोष्ट हीच.

तिसऱ्या पायरीवर प्रकल्पांची घरं मिळून वसाहत होते. एका टीमला सापडलेली चांगली रीत संस्थेची होते, नव्या माणसाला ती शिकवली जाते आणि प्रत्येक प्रकल्प त्यातून आपल्या मापाचं कापून घेतो. हे 'कापून घेणं' मॉडेललाच अपेक्षित आहे, त्याला टेलरिंग म्हणतात. दोन आठवड्यांच्या कामाला दोन वर्षांच्या कामाचे सगळे फॉर्म लावणारी कंपनी मॉडेल पाळत नसते. मॉडेलच्या नावावर स्वतःचा आळस खपवत असते. जुन्या १.३ आवृत्तीत कामाची एकूण २२ क्षेत्रं होती. त्यातली सात दुसऱ्या पायरीला आणि अकरा तिसरीला. वरच्या दोन पायऱ्यांना मिळून फक्त चार. खरा घाम कुठे गाळायचा ते यावरून कळतं.

चौथी पायरी सगळ्यात कमी लोकांना समजते, म्हणून तिच्यावर जरा थांबू. समजा, एक टीम कोड रिव्ह्यू करते, म्हणजे एकानं लिहिलेला कोड दुसरा वाचतो. दर हजार ओळींमागे साधारण ८ ते २० चुका सापडतात. एके दिवशी एका रिव्ह्यूत फक्त दोनच सापडल्या. शाबासकी द्यायची की काळजी करायची? पहिल्या पायरीवरचा मॅनेजर शाबासकी देतो. चौथ्या पायरीवरची टीम आधी बघते की वाचणाऱ्यानं किती वेळ घेतला. बाराशे ओळी वीस मिनिटांत वाचल्या असतील, तर चुका कमी नव्हत्या, वाचन कमी होतं.

या विचाराला शंभर वर्षं झाली. टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये काम करताना वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४मध्ये नियंत्रण-आलेख मांडला. कोणतंही काम पुन:पुन्हा केलं तर आकडा थोडा वर-खाली होणारच, तो त्या कामाचा स्वभाव. त्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर आकडा गेला, तरच काहीतरी वेगळं घडलंय असं समजायचं. नेहमीच्या चढउताराला बोनस आणि कानउघाडणी वाटत बसणारा साहेब काम सुधारत नाही. तो लोकांना आकडे सजवायला शिकवतो.

पाचव्या पायरीवर हा पट्टाच हलवायचा असतो. ८ ते २० का? त्यातल्या कोणत्या प्रकारच्या चुका लिहितानाच टाळता येतील? एक दोष सापडला की तो दुरुस्त करून मोकळं न होता तो ज्या फटीतून आला ती फट शोधायची, आणि तसली फट आणखी कुठे आहे तेही बघायचं. नासाच्या अवकाश शटलचं उड्डाणाचं सॉफ्टवेअर लिहिणारा आयबीएमचा ह्यूस्टनचा गट या पायरीवर पोचलेल्या पहिल्यांपैकी. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात मोटोरोलाच्या बंगळूरच्या केंद्रालाही ती मिळाली, जगात अगदी सुरुवातीच्यांत.

पंचेचाळीस मिनिटांत सेहेचाळीस कोटी डॉलर

हे सगळं हवेत वाटत असेल, तर नाइट कॅपिटलची गोष्ट बघा. अमेरिकेच्या शेअर बाजारातली ही बडी दलाल कंपनी. तिच्या चौकशीचा सरकारी आदेश जाहीर आहे, त्यामुळे तपशील मिनिटामिनिटाचे मिळतात.

१ ऑगस्ट २०१२ला न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात एक नवी योजना सुरू होणार होती. त्यासाठी नाइटनं ऑर्डरी पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बदल केला. हा प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर चालायचा. नवा कोड चढवणाऱ्या तंत्रज्ञाकडून एक सर्व्हर राहून गेला. त्या आठव्या सर्व्हरवर 'पॉवर पेग' नावाचा एक जुना भाग पडून होता. २००३पासून तो कोणी वापरत नव्हतं, पण काढलाही नव्हता. ऑर्डर पुरी झाली की थांब, हे सांगणारा मोजणीचा तुकडा २००५मध्ये कोडमध्ये दुसरीकडे हलवला गेला होता, आणि त्यानंतर पॉवर पेग पुन्हा तपासायची गरज कोणाला वाटली नव्हती. नव्या कोडनं नेमकी तीच खूण वापरली जिनं पूर्वी पॉवर पेग जागा व्हायचा.

बाजार उघडला. सात सर्व्हर शहाण्यासारखे वागले. आठवा मात्र थांबायचं विसरलेल्या प्रोग्रॅमच्या ताब्यात गेला. गिऱ्हाइकांच्या २१२ ऑर्डरींपोटी ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त सौदे झाले, १५४ कंपन्यांचे, सुमारे ३९.७ कोटी शेअर्सचे. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. धावपळीत लोकांनी नवा कोड संशयित धरला आणि तो बरोबर चालणाऱ्या सात सर्व्हरवरून काढला. आता आठही सर्व्हर चुकीचं करायला लागले.

बाजार उघडण्यापूर्वी, सकाळी ८ वाजून १ मिनिटापासून, यंत्रणेनं आपणहून ९७ ईमेल पाठवले होते. त्यात 'पॉवर पेग' हे नाव होतं. ते ईमेल धोक्याची सूचना म्हणून बनवलेले नव्हते, त्यामुळे कोणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

आता पायऱ्या लावून बघा. आठपैकी कुठल्या सर्व्हरवर काय आहे हे माहीत नसणं, ही दुसऱ्या पायरीची उणीव. कोड चढवल्यावर दुसऱ्या तंत्रज्ञानं पडताळावं असा लेखी नियमच नव्हता, असं आदेशात नोंदवलंय. ती तिसऱ्या पायरीची. आणि सगळ्यात बोचरी पाचव्या पायरीची: ऑक्टोबर २०११मध्ये चाचणीची माहिती चुकून खऱ्या व्यवहारात वापरली गेल्यानं याच कंपनीला सुमारे ७५ लाख डॉलरचा फटका बसला होता. तेव्हा त्या प्रसंगापुरती डागडुजी झाली. असंच आणखी कुठे होऊ शकेल, हा व्यापक प्रश्न विचारला गेला नाही. नियामकानं ऑक्टोबर २०१३मध्ये १.२ कोटी डॉलर दंड केला. तोवर कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती.

एक तंत्रज्ञ विसरला, ही या गोष्टीतली सगळ्यात कमी महत्त्वाची बाब आहे. माणसं विसरतात. विसरलेलं दिसावं अशी सोय होती का, एवढंच प्रक्रियेला विचारायचं असतं.

तपासायला येतात तेव्हा काय होतं?

सीएमएमआयच्या भाषेत हे 'सर्टिफिकेशन' नसतं, 'अप्रेझल' असतं. अधिकृत परवाना असलेला मुख्य मूल्यमापक आणि त्याची टीम येते. कोणते प्रकल्प तपासायचे, ते दुसऱ्या आवृत्तीपासून नमुना पद्धतीनं यंत्रणा निवडते. आपला सजवलेला प्रकल्प पुढे करायची जुनी युक्ती त्यामुळे बरीच अवघड झाली. मग कागद बघतात आणि माणसांशी बोलतात. दोन्ही जुळावं लागतं.

मुलाखतीचे प्रश्न साधे असतात. टेस्टरला विचारतात, "रिक्वायरमेंट बदलली हे तुम्हाला कसं कळतं?" एका कंपनीत उत्तर येतं, "संगणकावर त्या कामाची नोंद, म्हणजे टिकिट, माझ्या नावावर येतं, त्याला जोडलेल्या टेस्ट केस लाल होतात." दुसरीकडे उत्तर येतं, "सांगतात कोणीतरी." दुसऱ्या उत्तरानंतर कपाटातल्या फायलींना फारसा अर्थ उरत नाही.

खोटेपणा होत नाही असं नाही. तपासणीच्या आदल्या महिन्यात मागच्या तारखांची मीटिंगची मिनिट्स लिहिली जातात, डेव्हलपरांकडून 'क्वालिटी पॉलिसी' पाठ करून घेतली जाते. या व्यवसायात कुणालाही हे नवं नाही. म्हणून लेव्हलचा कागद समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या विभागाचं मूल्यमापन झालं? लेव्हल सहसा ठरावीक केंद्राला किंवा विभागाला मिळते, आणि तुमचं काम भलत्याच विभागात होणार असू शकतं. कधी झालं? निकाल तीन वर्षं धरला जातो. आणि निकाल जाहीर यादीत दिसतो का? ती यादी इंटरनेटवर कोणालाही बघता येते.

दुसऱ्या पट्ट्याही आहेत

स्पाइस नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकार १९९०च्या दशकात सुरू झाला. आयएसओनं तो आधी १५५०४ या क्रमांकाखाली आणला आणि २०१५पासून ३३०००च्या मालिकेत हलवला. त्यात संपूर्ण कंपनीला एकच क्रमांक चिकटवायची घाई नसते, प्रत्येक प्रक्रियेला शून्य ते पाच अशी स्वतंत्र पातळी देता येते. तुमचं टेस्टिंग तिसऱ्यावर असेल आणि मागण्या लिहून घेणं पहिल्यावर, तर तसंच लिहितात. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. मोटार उद्योगात तिचाच एक प्रकार, ऑटोमोटिव्ह स्पाइस, चालतो, आणि जर्मन गाडी कंपन्या सुट्या भागांच्या पुरवठादारांकडून तो मागतात.

सॉफ्टवेअर टीमच्या कामगिरीवर संशोधन करणाऱ्या 'डोरा' या संस्थेच्या पट्टीचा स्वभाव अगदी निराळा. तिथे कागदपत्रं नाहीत, पायऱ्याही नाहीत. मुळात चार आकडे: बदल किती वेळा गिऱ्हाइकापर्यंत जातात, कोड लिहिल्यापासून तिथे पोचायला किती वेळ लागतो, किती टक्के बदलांनी बिघाड होतो, आणि बिघडल्यावर सावरायला किती वेळ लागतो. निकोल फॉर्सग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो लोकांच्या पाहण्यांवरून हे मांडलं, आणि २०१८मध्ये गूगलनं ही संस्था विकत घेतली. त्यांचा निष्कर्ष अनेकांना उलटा वाटला: वेगवान टीमच जास्त स्थिरही असतात. कारण शोधलं तर सोपं आहे. रोज दहा ओळी बदलल्या आणि काही बिघडलं, तर दहाच ओळींत शोधायचं. सहा महिन्यांचं गाठोडं एका रात्रीत सोडलं, तर सुई कुठे आणि गवत कुठे.

त्यांच्या पाहण्या लोकांनी स्वतःविषयी सांगितलेल्या उत्तरांवर उभ्या आहेत, ही मर्यादा मात्र विसरू नये.

"यानं नुसते कागद वाढतात"

वाढतात, हे मान्यच करायला हवं. पण बहुतेक वेळा ते मॉडेलमुळे नाही. मॉडेल 'काय व्हायला हवं' ते सांगतं, 'कसं' ते तुमच्यावर सोडतं. मागण्यांचा माग ठेवा म्हणतं, त्यासाठी चाळीस पानांचा तक्ता हवा असं म्हणत नाही. टिकिटाला जोडलेली एक लिंकही चालते. चाळीस पानं येतात ती तपासणीच्या भीतीनं. सल्लागारानं मागच्या कंपनीचे साचे तसेच आणून ठेवलेले असतात, तेही एक कारण.

एखादा फॉर्म ठेवावा की फेकावा हे ठरवायला एक कसोटी पुरते. भरलेला फॉर्म पुन्हा उघडून कोणी काही निर्णय घेतं का? घेत नसेल तर काढून टाका.

"आकडे आले की लोक आकड्यांशी खेळतात"

हा आक्षेप मात्र शंभर टक्के खरा. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल जे सांगितलं, ते सॉफ्टवेअरच्या ऑफिसातही चपखल बसतं: आकडा लक्ष्य झाला की मोजमाप म्हणून त्याचा उपयोग संपतो.

बगची संख्या कमी करायचं लक्ष्य द्या आणि गंमत बघा. पुढच्या महिन्यात बग निम्मे होतात आणि 'चेंज रिक्वेस्ट' दुप्पट. बटण दाबलं की पान कोरं येतं, पण नोंद होते 'सुधारणा सुचवली' म्हणून. टेस्टर आणि डेव्हलपर फोनवर मिटवून घेतात, "हा नोंदवू नको, संध्याकाळपर्यंत देतो करून." बग गेला, पण तो का आला हे शिकायची संधीही त्याच्यासोबत गेली. चौथ्या पायरीला हवी असलेली खरी आकडेवारी अशी आतून पोखरली जाते.

यावर उतारा एकच दिसतो: प्रक्रियेचे आकडे माणसाच्या पगारवाढीशी जोडायचे नाहीत. ड्रायव्हरच्या सवयी बघणाऱ्या यंत्राचा आकडा त्याच्या पगारातून कापला, तर तो यंत्रावर रुमाल टाकायला शिकेल. हम्फ्री यांनी पुढे एकेका प्रोग्रॅमरसाठी स्वतंत्र पद्धत आखली, तेव्हा आपली आकडेवारी आपल्यापुरती ठेवायची, यावर त्यांचा भर होता.

"लेव्हल पाचची कंपनीही गचाळ सॉफ्टवेअर देते"

देऊ शकते. प्रक्रिया चुकीची गोष्टसुद्धा अगदी शिस्तीत बनवून देईल. गिऱ्हाइकाला नको असलेलं सॉफ्टवेअर वेळेत, बजेटमध्ये आणि कमी बगांसह देता येतं. शिवाय माणसांचं कसब हा मुद्दा उरतोच. टेस्टिंगच्या क्षेत्रातले जेम्स बाक यांनी १९९४मध्ये सीएमएमवर हाच हल्ला चढवला होता: याला सैद्धांतिक पाया नाही, आणि सगळा भर प्रक्रियेवर देऊन माणसं बाजूला ठेवलीत. टीका झोंबणारी होती आणि बऱ्याच अंशी बरोबर. १९९५मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटनंच माणसांच्या कौशल्यासाठी वेगळं मॉडेल काढलं.

तरी उलट बाजूनं विचार करा. हुशार माणसं सगळ्यांनाच हवी असतात आणि ती रजेवर जातात, थकतात, सोडून जातात. नाइट कॅपिटलमध्ये हुशार माणसांची टंचाई नव्हती.

"अजाइल आल्यावर हे सगळं जुनं झालं ना?"

अजाइल म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत, गिऱ्हाइकाला दाखवत आणि बदलत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत. २००१मध्ये अमेरिकेतल्या युटाला १७ जणांनी तिचा जाहीरनामा लिहिला, तो अशाच जडपणाला वैतागून. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि संवाद मोठे, असं त्यात होतं. पण अजाइल टीम दर दोन आठवड्यांनी बसून 'काय बरं झालं, काय बिघडलं' बोलते, तेव्हा ती प्रक्रियेचंच मूल्यमापन करत असते, फक्त बाहेरचा परीक्षक नसतो. २००८मध्ये खुद्द सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटनं दोन्ही एकत्र वापरा असं सांगणारा अहवाल काढला. भांडण आता जवळपास मिटलंय. उरलंय ते दोन्हीकडच्या कर्मकांडाचं, आणि रोज उभ्याउभ्या काही मिनिटांत उरकायची स्टँडअप मीटिंग तासभर चालणं हे त्याचं अजाइलकडचं उदाहरण.

"आम्ही सहाच जण आहोत"

मग सीएमएमआयच्या मागे लागू नका. २५ माणसांपर्यंतच्या संस्थांसाठी आयएसओचं २९११० हे वेगळं, हलकं मानक आहे. तेही नको असेल तर मागचा रिलीज समोर ठेवा आणि सगळ्यात जास्त वेळ कुठे वाया गेला ते शोधा. बहुतेकदा ते टेस्टिंग नसतं. कोणाच्या तरी होकाराची वाट बघण्यात गेलेले दिवस असतात. तेवढी एक जागा दुरुस्त करा, पुढच्या रिलीजला पुन्हा बघा.

आता कोड एआय लिहितंय, मग?

डोराच्या २०२४च्या अहवालात एक आकडा आला, त्यावर खूप चर्चा झाली: एआयचा वापर २५ टक्क्यांनी वाढला, तर रिलीजची स्थिरता अंदाजे ७.२ टक्क्यांनी घसरते. एआय कोड वाईटच लिहितं, असा याचा अर्थ नाही. अहवाल लिहिणाऱ्यांचा तर्क असा की कोड लिहिणं स्वस्त झाल्यावर एकेका बदलाचा आकार फुगतो, आणि मोठे बदल जास्त बिघडवतात, हे त्यांच्या पाहण्यांत आधीपासूनच दिसत होतं.

म्हणजे अडकण्याची जागा लिहिण्यातून वाचण्यात सरकली. एका दुपारी बाराशे ओळी तयार होतात, आणि त्या वाचायला तोच एक सीनियर, तेवढेच तास. रिव्ह्यूत दोनच चुका सापडल्या हे ऐकून खूश होण्याआधी त्यानं किती वेळ वाचलं ते विचारायची सवय ज्या टीमला आहे, तिला हा बदल आकड्यांत लगेच दिसेल. बाकीच्यांना तो रिलीजच्या रात्री कळेल.